तुम्ही विचारलंत म्हणून : शेजारी देशांचं मिटत का नाही?

हा प्रश्न मला कुठंही गाठतो. कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनात व्याख्यान संपलं की, गडहिंग्लजच्या एसटीत शेजारच्या सीटवरून, स्पर्धा परीक्षेच्या पोरांकडून आणि सगळ्यात जास्त फौजी घरांतून. आमच्या जिल्ह्यात सैन्यात कुणीच गेलं नाही असं गाव शोधावं लागेल. शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचं तर नावच सैनिक टाकळी आहे. माझं आयुष्य राज्यशास्त्र शिकवण्यात गेलं, म्हणून लोकांना वाटतं हिला ठाऊक असणार. शब्द बदलतात, प्रश्न तोच असतो. "मॅडम, इंग्रज जाऊन एवढी वर्षं झाली. एकाच मालकाच्या तावडीतनं सगळे सुटले, मग सुटल्यावर एकमेकांच्याच जिवावर का उठले? आणि अजून मिटंना का झालंय?"

विचारणारा पोरगा पुढच्या महिन्यात भरतीला उभा राहणार असतो, किंवा विचारणाऱ्या बाईंचा मुलगा काश्मीरमध्ये कुपवाड्याला असतो. त्यांना उभ्या उभ्या दोन वाक्यांत उत्तर देणं मला कधी जमलं नाही आणि द्यावंसंही वाटलं नाही. म्हणून सविस्तर लिहिते.

बहुतेकांकडं स्वतःचं उत्तर तयार असतं. इंग्रजांनी जाताना रेघ ओढली आणि आपल्याला झुंजवत ठेवलं. यात खोटं काही नाही. सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी दिल्लीत पोहोचले, तेव्हा हिंदुस्थानात ते पहिल्यांदाच येत होते. पंजाब आणि बंगाल कापायला त्यांना जेमतेम पाच आठवडे मिळाले. निवाडा जाहीर झाला तो १७ ऑगस्टला. म्हणजे १५ ऑगस्टच्या दिवशी आपलं गाव कोणत्या देशात आहे हे ठाऊक नसलेली लाखो माणसं होती. त्या रेघेनं किती रक्त सांडलं ते मी नव्यानं सांगायला नको.

पण रेघ हेच मूळ कारण असतं तर आफ्रिका खंड आजवर सीमेवरच्या लढायांत जळून गेला असता. तिथल्या बहुतेक सगळ्या सीमा युरोपच्या राजधान्यांत ठरल्या. एकेक जमात दोन दोन, तीन तीन देशांत विभागली गेली. तरी १९६४ च्या जुलैत कैरोला आफ्रिकी देश एकत्र बसले आणि त्यांनी ठरवलं, की स्वातंत्र्याच्या वेळी ज्या सीमा हाती आल्या त्या आपण मानायच्या. सोमालिया आणि मोरोक्को यांनी मान्य केलं नाही, बाकीच्यांनी केलं. त्यानंतर तिथं दोन देशांची सैन्यं सीमेसाठी समोरासमोर लढल्याचे प्रसंग मोजकेच. देशाच्या आतली युद्धं मात्र कितीतरी झाली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं मला ते लागणार आहे.

दुसरं तयार उत्तर धर्माचं. त्याला मी मोरोक्को आणि अल्जीरिया पुढं करते. धर्म एक, पंथ एक, भाषा एक, दोघांवर राज्य केलं ते फ्रान्सनंच. अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धात त्यांच्या सैनिकांचे तळ मोरोक्कोच्या उज्दा शहरात होते. इतका घरोबा. अल्जीरिया १९६२ मध्ये स्वतंत्र झाला आणि १९६३ च्या ऑक्टोबरात हे दोघे वाळवंटात एकमेकांवर तोफा डागत होते. त्यांची जमिनीवरची सीमा १९९४ पासून बंद आहे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अल्जीरियानं राजनैतिक संबंधही तोडले. दोन्हीकडं नातीगोती आहेत, लग्नं झालेली आहेत, आणि सख्ख्या बहिणीला भेटायला विमानानं तिसऱ्याच देशातून वळसा घालून जावं लागतं. तिथं धर्मानं काही वाचवलं नाही, आणि धर्मानं भांडण लावलंही नाही.

मग काय आहे? माझं उत्तर मला फार लांब सापडलं नाही. आपल्या वारणेच्या काठावर सापडलं.

औरंगजेब गेल्यावर शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि मराठ्यांच्या दोन गाद्या झाल्या. साताऱ्याला शाहू, इकडं पन्हाळा-कोल्हापुरात आधी ताराराणी आणि मग राजसबाईंचे पुत्र संभाजी. शाहू आणि संभाजी चुलतभाऊ, दोघेही शिवछत्रपतींचे नातू. एकाच घरातली दोन राज्यं, मधे नदी. पुढं काय झालं ते आजच्या कुठल्याही शेजारी देशांना लागू पडतं. निजामानं कोल्हापूरच्या बाजूनं उभं राहून साताऱ्याला शह दिला. १७२८ मध्ये पालखेडला बाजीरावानं निजामाला कोंडलं आणि मुंगी-शेवगावच्या तहात त्याला कोल्हापूरची पाठराखण सोडायला लावली. इतक्यावर थांबलं नाही. उदाजी चव्हाणांसारखे सरदार कधी या छत्रपतींकडं, कधी त्या. एकीकडं मान मिळाला नाही, वतनाचा वाद झाला, की माणूस आपली फौज घेऊन नदी ओलांडायचा, आणि पलीकडं त्याचं स्वागत व्हायचं. १७३० मध्ये वारणेकाठी कोल्हापूरकरांचा पराभव झाला, ताराराणी साताऱ्याच्या हाती लागल्या आणि १३ एप्रिल १७३१ रोजी वारणेचा तह झाला. वारणेच्या दक्षिणेचा मुलूख कोल्हापूरचा, असं ठरलं.

शाळेच्या पुस्तकात तहाचा हा मुलखाचा भागच येतो. मी विद्यार्थ्यांना दुसरी कलमं वाचायला लावायची. एकाशी जो वैर करील त्याचं पारिपत्य दुसऱ्यानंही करायचं. आणि एकाकडून निघालेले चाकर दुसऱ्यानं पदरी ठेवायचे नाहीत. जमीन नदीनं वाटून दिली होती. खरं दुखणं होतं नाराज होऊन नदी ओलांडणाऱ्या माणसांचं, आणि तह करणाऱ्यांना ते पक्कं ठाऊक होतं.

शेजारी देशांच्या वैराबद्दल मला जे सांगायचंय ते एवढंच आहे. आफ्रिकेतल्या देशांच्या आतल्या युद्धांचं ते वाक्य इथं लागतं. नवं राज्य जन्माला येतं तेव्हा त्याच्या पोटात नाराज माणसं असतात. कुणाला राज्यकारभारात जागा नाही, कुणाची भाषा नाकारलेली, कुणाची जमीन गेलेली. ती माणसं सीमा ओलांडतात. पलीकडचं राज्यही तितकंच नवं, तितकंच धास्तावलेलं. त्याला हे पाहुणे उपयोगी वाटतात. तो त्यांना निवारा देतो, मग पैसे देतो, मग बंदुका. मग इकडचेही तेच करतात. वैर टिकतं ते या देवाणघेवाणीवर. रेघ कुठून गेली याला त्यामानानं कमी महत्त्व आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे आणखी वाढलं. आधीच्या काळी शेजाऱ्याला नमवायचं तर त्याचा मुलूख घ्यायचा. १९४५ नंतर संयुक्त राष्ट्रांच्या सनदेनं दुसऱ्याचा मुलूख बळानं घेण्याला बंदी घातली आणि बऱ्याच अंशी ती चाललीही. इराकनं १९९० मध्ये कुवेत गिळायला पाहिला आणि १९९१ च्या फेब्रुवारीत त्याला तो ओकावा लागला. मुलूख घेता येत नाही, पण त्रास देता येतो, आणि तो देताना हात वरही करता येतात. गरीब देशाला रणगाड्यांची पलटण उभी करणं परवडत नाही. शेजाऱ्याच्या शंभर नाराज पोरांना डोंगरात ठेवून घेणं परवडतं.

युगांडा आणि टांझानिया बघा. दोन्ही इंग्रजांच्या ताब्यातून सुटलेले. १९७१ च्या जानेवारीत इदी अमीननं युगांडाचे अध्यक्ष ओबोटे यांची सत्ता उलथली, आणि टांझानियाचे अध्यक्ष न्येरेरे यांनी ओबोटेंना आसरा दिला. पुढच्याच वर्षी ओबोटेंची सशस्त्र माणसं टांझानियातून युगांडात घुसली आणि हरली. ती खुन्नस अमीनच्या मनातून गेली नाही. १९७८ च्या ऑक्टोबरात त्याच्या फौजा टांझानियाच्या कागेरा भागात शिरल्या. टांझानियानं उलटा मारा केला, युगांडाचे परागंदा लोक बरोबर घेतले आणि १९७९ च्या एप्रिलमध्ये कंपाला गाठलं. अमीन क्रूर होता, त्याला हाकलणं चांगलंच झालं. पण लढाईच्या मुळाशी कागेराची जमीन नव्हती.

सोमालिया आणि इथिओपियाची गोष्ट मात्र मी कधी घाईनं सांगत नाही, कारण माझ्या उत्तरातली उणीव तीच दाखवते.

इंग्रजांच्या आणि इटलीच्या ताब्यातले दोन तुकडे जोडून १९६० मध्ये सोमालिया झाला. त्याच्या झेंड्यावर पाच टोकांचा तारा आहे. सोमाली माणसं राहतात ते पाच प्रदेश म्हणजे ती पाच टोकं. दोन हाती आलेले, तीन शेजाऱ्यांकडं. ज्या देशाच्या झेंड्यावरच शेजाऱ्यांचे प्रदेश आहेत, तो १९६४ चा ठराव कसा मानणार? इथिओपियाच्या ओगादेन भागातल्या सोमाली बंडखोरांना सोमालियाच्या सरकारनं बळ दिलं आणि १९७७ च्या जुलैत हुकूमशहा सियाद बारेनं आपली फौजच आत घातली. तोवर सोव्हिएत रशिया सोमालियाचा मित्र होता. रशियानं बाजू बदलली, क्यूबाचे सैनिक इथिओपियाच्या मदतीला आले आणि मार्च १९७८ पर्यंत सोमाली फौज मागं हटली. निजाम आणि वारणाकाठ आठवा. शेजाऱ्यांच्या भांडणात तिसरा मोठा शिरतो, आणि सोय सरली की बाजूही बदलतो.

हरल्यावर सोमालियात असंतोष उसळला. आता सोमालियाचे बंडखोर इथिओपियात जाऊन राहिले. दहा वर्षं दोघांनी एकमेकांची नाराज माणसं पोसली. शेवटी दोन्ही राजवटी दमल्या आणि एप्रिल १९८८ मध्ये बारे आणि इथिओपियाचे मेंगिस्टू यांनी करार केला. तो जवळपास वारणेच्या तहातल्या कलमासारखाच होता: तुमचे बंडखोर आम्ही ठेवणार नाही, आमचे तुम्ही ठेवू नका. कागदावर आदर्श. आणि झालं काय? आसरा जाणार हे दिसताच सोमालियाच्या उत्तरेतले बंडखोर मे महिन्यात सीमा ओलांडून मायदेशी घुसले. त्यांनी बुराओ आणि हर्गेसा या शहरांवर हल्ला चढवला. बारेनं स्वतःच्या देशातल्या हर्गेसा शहरावर विमानांतून बाँब टाकले. लाखो माणसं पळाली, आणि पळाली कुठं, तर इथिओपियात. १९९१ च्या जानेवारीत बारे परागंदा झाला, मे महिन्यात मेंगिस्टू. सोमालियाचं राज्यच मोडून पडलं.

म्हणून नुसतं "आसरा देऊ नका" म्हणणं पुरेसं नाही. नाराज माणूस कुठंतरी जाणारच. त्याला परत घरी यायची वाट ठेवली नसेल तर शेजाऱ्यानं दार लावल्यावर तो घराला आग लावतो. हर्गेसात ते झालं.

आता आपलं. इथं सभागृहात थोडी चुळबुळ होते, कारण आपण नेहमी दुसऱ्यानं दिलेल्या आसऱ्याबद्दलच बोलतो.

बांगलादेशच्या चितगाव डोंगरी भागातल्या चकमा आणि इतर आदिवासींचा त्यांच्या सरकारशी संघर्ष चालू होता. १९८६ च्या सुमारास हजारो निर्वासित त्रिपुरात आले आणि शांती बाहिनी या त्यांच्या सशस्त्र संघटनेला आपल्याकडं थारा मिळाला. उलट बाजूनं आसामच्या उल्फा या सशस्त्र बंडखोर संघटनेचे पुढारी बांगलादेशात राहत होते. एप्रिल २००४ मध्ये चितगावला दहा ट्रक भरून हत्यारं पकडली गेली. ती उल्फासाठी होती असं तिथल्याच खटल्यात पुढं आलं. दोन्ही देश एकमेकांना जाब विचारत होते, आणि दोघांकडं पुरावा होता.

हे बऱ्याच अंशी थांबलं, आणि कसं थांबलं ते मला फार मोलाचं वाटतं. २ डिसेंबर १९९७ रोजी बांगलादेश सरकारनं डोंगरी लोकांच्या संघटनेशी शांतता करार केला. तो पुरता अमलात आला नाही, त्याबद्दल तिथले लोक आजही तक्रार करतात आणि ती रास्त आहे. पण त्रिपुरातले निर्वासित परत गेले, हत्यारं खाली आली. २००९ नंतर ढाक्यानं उल्फाचे पुढारी एकेक करून आपल्या हवाली केले, आणि आपण त्यांना नुसतं तुरुंगात डांबून ठेवलं नाही, बोलणीही केली. २०२३ च्या डिसेंबरात त्या गटाशी करार झाला. दोन्हीकडं परतीची वाट होती.

आणि मग रेघेचं काम सोपं झालं. भारत आणि बांगलादेशाच्या सीमेवर एकमेकांच्या पोटात अडकलेल्या वस्त्या होत्या. चहूबाजूंनी बांगलादेश आणि मधे भारताचा तुकडा; तिथल्या माणसाला ना मत, ना रेशनकार्ड, ना वीज. इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांनी १९७४ मध्येच अदलाबदल ठरवली होती. ती झाली ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री, एक्केचाळीस वर्षांनी. आपले १११ तुकडे त्यांना गेले, त्यांचे ५१ आपल्याला आले. एकरांत मोजलं तर आपण घेतलं त्यापेक्षा दिलं जास्त. २०१४ मध्ये समुद्रातल्या हद्दीचा निकाल आंतरराष्ट्रीय लवादानं दिला, वादातला बराच मोठा भाग बांगलादेशाला गेला आणि दिल्लीनं तो निमूट मानला. माझ्या देशाच्या ज्या गोष्टींचा मला मनापासून अभिमान आहे, त्यांत या दोन येतात. टीव्हीवर त्यांची चर्चा क्वचितच झाली.

श्रीलंकेत आपण उलटं वागलो. ऐंशीच्या दशकात तमिळ बंडखोर गटांना आपल्या भूमीवर प्रशिक्षण मिळालं. १९८७ मध्ये करार करून आपलीच शांतिसेना त्यांना नि:शस्त्र करायला जाफन्याला गेली. सुमारे बाराशे जवान परत आले नाहीत. आणि २१ मे १९९१ ला श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली. आमच्याकडच्या जुन्या फौजींसमोर जाफन्याचं नाव काढलं की ते बोलणं बदलतात.

पाकिस्तानचं काय, हे विचारल्याशिवाय कुणी मला सोडत नाही. तिथंही मूळ धास्ती जन्माच्या वेळची आहे. दोन तुकड्यांत, मधे सोळाशे किलोमीटर भारत, असा तो देश जन्मला. त्याला संयुक्त राष्ट्रांत घ्यायला १९४७ मध्ये एकाच देशानं विरोधी मत दिलं, आणि तो दुसरा शेजारी होता, अफगाणिस्तान. १८९३ मध्ये इंग्रजांच्या काळात आखलेल्या ड्युरंड रेषेपलीकडच्या, म्हणजे पाकिस्तानात गेलेल्या, पठाणांवर काबूलचा डोळा होता. धास्तावलेल्या राज्यात लष्कर मोठं होतं. १९५८ मध्ये लष्करानं सत्ताच घेतली. पूर्वेकडच्या बंगाल्यांची भाषा, मग मतं, मग जीव तुडवले. १९७१ मध्ये सुमारे एक कोटी निर्वासित आपल्याकडं आले, मुक्तिबाहिनीला आपण साथ दिली, युद्ध झालं, बांगलादेश झाला. तिथं आपण योग्यच वागलो असं माझं ठाम मत आहे, कारण २५ मार्चच्या रात्री ढाक्यात जी कत्तल सुरू झाली तिच्यापुढं दार लावून घेणं पाप होतं. पण रावळपिंडीच्या लष्करी मनात त्यातून एकच धडा कोरला गेला: शेजाऱ्याच्या नाराज माणसांना हाताशी धरलं की देश फुटतो.

तो धडा त्यांनी १९८९ नंतर काश्मीरमध्ये गिरवला. काश्मिरी माणसाची नाराजी खरी होती. १९८७ च्या निवडणुकीतल्या गैरप्रकारांनी ती वाढवली, हे आपण मोकळेपणानं बोललं पाहिजे. पण पाकिस्ताननं त्या नाराजीला आसरा देण्यापुरतं ते ठेवलं नाही. बाहेरच्या माणसांच्या संघटना उभारणं, त्यांना शिकवणं, सोडणं हे राज्याचं धोरण झालं. मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ रोजी चालून आलेले काश्मीरचे नाराज नव्हते. म्हणून "दोघेही सारखेच" असं कुणी म्हणालं तर मी मान्य करत नाही.

त्यांच्याच घरात त्याचं काय झालं तेही बघा. २००७ मध्ये पाकिस्तानी तालिबान उभी राहिली. १६ डिसेंबर २०१४ ला पेशावरच्या शाळेत त्यांनी शंभराहून जास्त मुलं मारली. त्या दिवशी मी वर्गात शिकवू शकले नव्हते. आता तेच गट अफगाणिस्तानात आसरा घेतात असं पाकिस्तान म्हणतो, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात त्यावरून काबूल आणि इस्लामाबाद यांच्यात सरळ लढाई पेटली. दिल्ली जे वर्षानुवर्षं पाकिस्तानला सांगत आली, तेच शब्द पाकिस्तान आता काबूलला सांगतो. मला यात समाधान वाटत नाही. मरणारी पोरं तिथलीही शेतकऱ्यांचीच असतात.

१९ सप्टेंबर १९६० चा सिंधू पाणीवाटप करार १९६५, १९७१ आणि कारगिल अशा सगळ्यांतून टिकला. पहलगामला २२ एप्रिल २०२५ रोजी सव्वीस माणसं मारली गेल्यावर मात्र आपण तो स्थगित केला. तीन युद्धांनी न मोडलेली व्यवस्था एका दहशतवादी हल्ल्यानं थांबली. आसऱ्याचा प्रश्न जमिनीच्या प्रश्नापेक्षा किती खोल आहे, याचा याहून स्पष्ट दाखला मला ठाऊक नाही.

कुणीतरी नेहमी म्हणतं, "म्हणजे बांधावरच्या भांडणागतच की, मॅडम." एका बाबतीत नाही. बांधाला तलाठी आहे, मोजणी आहे, कोर्ट आहे. बेळगावचा प्रश्न आम्ही कोल्हापूरकरांनी जन्मापासून पाहिलाय. १९५६ ची राज्य पुनर्रचना, १९६७ चा महाजन अहवाल, २००४ पासून सर्वोच्च न्यायालय. डिसेंबर २०२२ मध्ये वातावरण तापलं तेव्हा आमच्या एसट्या कर्नाटकात जायच्या थांबल्या होत्या. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची उंची वाढवायचं निघालं की शिरोळपासून सांगलीपर्यंत लोकांच्या पोटात गोळा येतो. २०१९ आणि २०२१ चा पूर कुणी विसरलेलं नाही. राग खरा आहे. तरी निपाणीच्या माणसाला पाहुण्यांकडं लग्नाला यायला व्हिसा लागत नाही, आणि आम्ही लवादाकडं जातो, बंदूक घेऊन घाटात जात नाही. वर कुणीतरी आहे, म्हणून. देशांच्या वर कुणी नाही. त्यांना ते काम एकमेकांतच करावं लागतं, आणि घर अस्वस्थ असेल तर त्यातलं कुणीच पुढं येत नाही.

घर बदललं तर वैर संपूही शकतं. इंडोनेशियाच्या सुकार्नोंनी १९६३ मध्ये नव्या मलेशियाला चिरडायची घोषणा दिली, बोर्निओच्या जंगलात माणसं घुसवली. दोघांची भाषा जवळजवळ एकच. सुकार्नोंची सत्ता गेली, १९६६ मध्ये समेट झाला आणि १९६७ च्या ऑगस्टमध्ये दोघे आसियान या संघटनेत शेजारी शेजारी बसले. २००२ मध्ये दोन बेटांचा निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयात मलेशियाच्या बाजूनं लागला, इंडोनेशियानं मानला. सुकार्नोंच्या जागी आलेल्या सुहार्तोंची सत्ता काही लाख माणसांच्या कत्तलीवर उभी होती, हे लपवून मी ही गोष्ट सांगत नाही.

मग शेवटी येतो तो दुसरा प्रश्न. "आपलं आणि पाकिस्तानचं कधी मिटणार?" पंतप्रधानांची गळाभेट झाली, क्रिकेटचा सामना झाला किंवा रद्द झाला, यावरून मी काही ठरवत नाही. मी दोन गोष्टी पाहते. सीमेपलीकडचे तळ बंद होतात का, आणि दोन्हीकडच्या नाराज माणसांना, म्हणजे आपल्याकडं काश्मीरमध्ये आणि त्यांच्याकडं बलुचिस्तानात, आपल्याच राज्यात यायला वाट उरते का. पहिली गोष्ट पाकिस्तानच्या हातात आहे आणि तिच्यासाठी त्याच्यावर जेवढा दबाव आणता येईल तेवढा आणलाच पाहिजे. दुसरीतला आपला वाटा आपल्या हातात आहे.

तो कसा उचलायचा हे आपण एकदा करून दाखवलंय. १९६६ मध्ये मिझो बंडखोरांनी उठाव केला, ऐजॉलवर आपल्याच हवाईदलानं बाँब टाकले. बंडखोरांचे तळ तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात होते, आणि त्यांचे नेते लालडेंगा यांना पाकिस्ताननं आसरा दिला होता. वीस वर्षं हे चाललं. ३० जून १९८६ रोजी करार झाला. लालडेंगा मुख्यमंत्री झाले, १९८७ च्या फेब्रुवारीत मिझोराम पूर्ण राज्य झालं. काँग्रेसच्या मुख्यमंत्र्यांनी त्यांच्यासाठी खुर्ची सोडली होती. तिथलं बंड संपलं ते कायमचं.

आणि आत्ता लक्ष ठेवायचंच असेल तर पाकिस्तानइतकंच पूर्वेकडं ठेवा. ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना ढाक्यातून निघून आपल्याकडं आल्या. बांगलादेशानं त्यांना परत मागितलंय. त्यांना देऊ नये असं म्हणणाऱ्यांची कारणं मला समजतात, तिथल्या लोकांचा रागही समजतो. आणि गंगेच्या पाणीवाटपाचा १९९६ चा करार तीस वर्षांचा आहे. त्याची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते. एका बाजूला आसऱ्याचा वाद, दुसऱ्या बाजूला नदीचा हिशेब, दोन्ही एकाच वेळी टेबलावर. पुढच्या वेळी कुणी मला पाकिस्तानबद्दल विचारलं, तर मी आधी विचारणार आहे, या कराराचं कुठवर आलं ते तुम्ही वाचलंत का.